उघड्या टपाची आल्फा

1946 च्या ऑक्टोबरात पॅरिसच्या ग्रां पालेमध्ये मोटारींचं प्रदर्शन भरलं. महायुद्ध संपल्यानंतरचं हे पहिलंच. युरोपात पेट्रोलची टंचाई होती, पोलादाची होती, ब्रेडचीही होती. तरी लोकांनी तोबा गर्दी केली. रेनोने आपली छोटी 4 सीव्ही याच प्रदर्शनात लोकांपुढे आणली. इटलीच्या कंपन्यांना मात्र आत जागा नव्हती. इटली युद्धात फ्रान्सच्या विरुद्ध उतरला होता आणि ते कोणी विसरलेलं नव्हतं. याच दिवसांत, याच पॅरिसमध्ये, हरलेल्या देशांशी करायच्या तहांवर परिषद चालू होती. इटलीच्या तहावर सह्या व्हायला पुढच्या वर्षीचा फेब्रुवारी उजाडला.

तुरिनचा एक गाड्यांच्या बॉड्या बांधणारा माणूस तरीही निघाला. बातिस्ता फारिना, वय बावन्न. बरोबर मुलगा सर्जिओ, वय वीस. दोघांनी दोन गाड्या घेतल्या, स्वतः चालवत आल्प्स ओलांडले आणि पॅरिस गाठलं. एक होती लान्चा अप्रिलिया, दुसरी आल्फा रोमिओ 6सी 2500 एस, उघड्या टपाची. आत जागा नाही म्हटल्यावर त्यांनी दोन्ही गाड्या ग्रां पालेच्या दाराशी, रस्त्यावरच लावल्या. तिकीट काढून आत जायला आलेले लोक आधी या गाड्यांभोवती थांबू लागले. वर्तमानपत्रांनी दखल घेतली. ज्याला आत घेतलं नाही, त्याने दाराबाहेर स्वतःचं प्रदर्शन भरवलं, अशी चर्चा झाली. मोटारींच्या इतिहासात ही गोष्ट बरेचदा सांगितली जाते आणि बहुधा तिथेच थांबते. लोक थांबून नेमकं काय बघत होते, हे मला सांगायचं आहे.

मी पत्र्याचा माणूस. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत शीट मेटलचा ट्रेड शिकवण्यात नोकरीची सारी वर्षं गेली आणि निवृत्त झाल्यावर पुण्यातल्या एका गॅरेजमध्ये जुन्या गाड्यांच्या बॉड्या दुरुस्त करायला लागलो. माझी मुलगी गाड्यांच्या डिझाइनमध्ये आहे आणि कामानिमित्त तुरिनला असते. तिच्याकडे गेलो तेव्हा तिने ओळखीतून शहराबाहेरच्या एका दुरुस्ती कारखान्यात नेलं. तिथे पिनिन फारिनाने बॉडी बांधलेली एक 6सी 2500 सुपर स्पोर्ट रंग खरवडून, नुसत्या पत्र्यावर उभी होती. 1946 च्या त्या पॅरिसच्या गाडीनंतर पुढच्या चार-सहा वर्षांत ज्या थोड्या उघड्या आल्फा या कारागिरांनी बांधल्या, त्यांतली ती एक. संग्रहालयात झगझगीत रंगातली गाडी दोरीपलीकडून बघणं वेगळं आणि उघडा पत्रा हाताला लागणं वेगळं. कारागिराचं काम रंगाखाली असतं.

गाडीकडे जाण्याआधी एक गोष्ट समजून घ्यायला हवी. ती आपल्याला परकी नाही. पुणे-मुंबई रस्त्यावर पूर्वी ट्रकच्या नुसत्या चॅसिस धावताना नेहमी दिसायच्या. बसच्या अजूनही दिसतात. पुढे इंजिन, मागे दोन लांब गर्डर, चार-सहा चाकं, आणि डोक्याला मफलर गुंडाळून, गॉगल लावून उघड्यावर बसलेला ड्रायव्हर. कंपनी एवढंच देते. त्यावर बॉडी बांधायची ती दुसऱ्या गावच्या कारखान्यात, मालकाला हवी तशी. महायुद्धाआधी आणि त्यानंतर काही वर्षं उंची मोटारीही अशाच विकल्या जात. कंपनीकडून चालती चॅसिस घ्यायची आणि ती आपल्या पसंतीच्या बॉडी बांधणाऱ्याकडे पाठवायची. आपल्याकडच्या संस्थानिकांच्या ज्या रोल्स रॉइस एकीसारखी दुसरी दिसत नाहीत, त्याचं कारण हेच. इंजिन आणि सांगाडा तोच असतो, अंग प्रत्येकाचं निराळं.

इटलीत या कारखान्याला कारोत्सेरिया म्हणतात. तुरिन आणि मिलान या दोन शहरांत ते गल्लोगल्ली होते. बातिस्ता फारिना त्यातच वाढला. अकरा भावंडांतला दहावा. ‘पिनिन’ हे त्याचं घरातलं नाव, आपल्याकडे धाकट्याला छोट्या किंवा बाळ्या म्हणतात तसं. थोरला भाऊ जोव्हान्नी याच्या कारखान्यात तो पोरवयातच कामाला लागला. 1920 मध्ये अमेरिकेत जाऊन त्याने हेन्री फोर्डचा कारखाना बघितला. तिथे नोकरी चालून आली होती, ती न घेता परत आला. 22 मे 1930 रोजी तुरिनमध्ये त्याने स्वतःचं नाव लावून कारोत्सेरिया पिनिन फारिना सुरू केली. पुढे हे नाव इतकं मोठं झालं की 1961 मध्ये इटलीच्या राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने त्याच्या कुटुंबाचं आडनावच पिनिनफारिना झालं.

आता ती चॅसिस. आल्फा रोमिओ ही मिलानची कंपनी, तिचा कारखाना पोर्तेल्लो भागात. 6सी 2500 हे मॉडेल 1939 चं: ओळीत सहा सिलिंडर, डोक्यावर दोन कॅमशाफ्ट, 2443 सीसी, आणि चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन. त्या काळात हे फार पुढचं तंत्र होतं. मधे युद्ध आलं. कारखाना विमानांच्या इंजिनांना जुंपला गेला, ऑक्टोबर 1944 च्या बॉम्बवर्षावात मोडला, आणि युद्ध संपल्यावर कामगारांचे हात चालते राहावेत म्हणून तिथे स्वयंपाकाच्या शेगड्यासुद्धा तयार झाल्या. त्यातूनच उरलेल्या सामानावर आणि जुन्या नकाशांवर 6सी 2500 पुन्हा सुरू झाली. साध्या स्पोर्टच्या पुढच्या-मागच्या चाकांत अंतर तीन मीटर. सुपर स्पोर्टच्या चाकांत 2.70 मीटर. सुपर स्पोर्टला तीन वेबर कार्ब्युरेटर, शंभराच्या वर अश्वशक्ती, आणि ताशी 160 किलोमीटरच्या पलीकडचा वेग. 1940 च्या दशकात हा वेग म्हणजे काय, हे त्या वेळचे रस्ते डोळ्यांपुढे आणले की कळतं.

म्हणजे यंत्र युद्धाआधीचं. फारिनाने जे नवं केलं ते अंगात. युद्धाआधीच्या गाड्या आठवा. मडगार्ड वेगळा, तो चाकावरून सुटा लोंबतो. दिवे वेगळे, खांबावर बसवलेले. दाराखाली पाय ठेवायची फळी. मागे डिकी म्हणजे जवळजवळ पेटीच. प्रत्येक अवयव सुटा करून दाखवलेला. फारिनाने मडगार्ड दारात मिसळला. पुढच्या चाकावरून निघालेली फुगीर रेघ दारावरून हळूहळू उतरत मागे जाते आणि मागच्या चाकावर पुन्हा उचलते. दिवे मडगार्डच्या पोटात बसले. पायफळी गेली. आल्फाची हृदयाच्या आकाराची उभी जाळी तेवढी राहिली, कारण ती कंपनीची ओळख. तिच्या दोन्ही बाजूंना आडव्या फटी आल्या आणि गाडीचं तोंड रुंद दिसू लागलं. क्रोमच्या पट्ट्या नाममात्र. फ्रान्सचे बॉडी बांधणारे त्या काळात गाडीला इतके झुपके आणि वळसे देत होते की चाकंसुद्धा दिसेनाशी व्हायची. त्यांचं कसब थोर होतं, पण माझा कौल फारिनाला. इतका मोठा पत्रा, त्यावर लपवायला एकही पट्टी नाही: असं काम अंगावर घ्यायला छातीच लागते. पट्टीखाली सांधा झाकतो, खोच झाकते. उघड्या पत्र्यावर चूक झाकत नाही.

आणि हा पत्रा प्रेसमध्ये ठोकलेला नाही. आजच्या गाडीच्या दाराचा पत्रा शेकडो टनांच्या प्रेसखाली काही फटक्यांत तयार होतो. त्या प्रेसचा साचा इतका महाग की हजारो गाड्या विकल्या तरच परवडतो. फारिनाकडे काम होतं मूठभर गाड्यांचं. तिथे आधी भिंतीवर गाडीएवढं चित्र काढायचं. त्यावरून लाकडाचा ठोकळा, म्हणजे गाडीच्या आकाराचा सांगाडा, सुतार बनवायचे. आणि मग हातोडीवाले एकेक पत्रा त्या लाकडाला भिडेपर्यंत घडवायचे.

हे घडवणं कसं असतं ते सांगतो, कारण शिकवताना माझा जीव यातच असायचा. सपाट पत्र्याला गोलाई द्यायची तर मधला भाग ताणावा लागतो. वाळूच्या पिशवीवर किंवा लाकडाच्या खोलगट ओंडक्यावर पत्रा ठेवून लाकडी हातोड्याने मध्यभागी ठोके घालायचे. ठोका पडला की पत्रा पातळ होतो आणि फुगतो. पण कडेला उलटं करावं लागतं. तिथे पत्रा जास्त होतो, त्याला चुण्या पडतात, आणि त्या चुण्या न दुमडता एकमेकींत दाबून पत्रा आत घ्यावा लागतो. ताणणं सहा महिन्यांत येतं, आत घेणं यायला वर्षं लागतात. ॲल्युमिनियमचा पत्रा असेल तर त्यावर साबण घासायचा आणि गॅसची ज्योत फिरवायची. साबण काळा पडला की पत्रा मऊ झाला, हात थांबवायचा. आणखी क्षणभर ज्योत राहिली तर पत्रा वितळून भोक पडतं. आकार आला की तो मठारायचा: खाली डॉली, म्हणजे लोखंडाचा टेका, धरून वरून गुळगुळीत हातोडीने, एका ठोक्याला लागून दुसरा, असं सगळ्या अंगावरून फिरत जायचं. पुण्याच्या तांबट आळीत हंड्या-घागरींवर हेच काम पिढ्यानपिढ्या होत आलं आहे. त्यामुळे आमच्या ट्रेडमध्ये तिथून आलेल्या मुलाला हातोडी कशी धरायची ते सांगावं लागत नसे.

मठारलेला पत्रा डोळ्याला सपाट दिसतो, पण डोळ्यावर विसंबायचं नसतं. पातळ फडकं घेऊन, त्याखाली तळहात ठेवून, डोळे बाजूला वळवून हात फिरवायचा. केसाएवढा खड्डा हाताला लागतो.

तुरिनच्या त्या कारखान्यात मला त्यांनी तसा हात फिरवू दिला. डाव्या दारापासून सुरुवात केली. बाहेरून कुठेच अडखळलो नाही. मग दार उघडून आतून बघितलं आणि तिथे सगळं होतं: मठारणीच्या ठोक्यांच्या ओळी, एकमेकींवर किंचित चढलेल्या, दाराच्या पुढच्या कडेला बारीक आणि मधे मोठ्या. पुढच्या कडेला, जिथे मडगार्डची रेघ दारात शिरते, तिथे दोन तुकडे गॅस वेल्डिंगने जोडले होते. वेल्ड कानसलेला, पुन्हा ठोकलेला, आणि खोलगट राहिलेल्या जागी शिसं भरलेलं. ठोक्यांचा कल एका बाजूला होता. मी दोन्ही बाजूंनी उभा राहून हात धरून बघितला. हे दार डावखुऱ्या माणसाने ठोकलं असावं असं मला वाटलं. कारखान्याच्या म्हाताऱ्या मालकाला मुलीने ते इटालियनमध्ये सांगितलं. तो काही बोलला नाही. उजव्या दाराकडे घेऊन गेला आणि त्याचं आतलं अंग दाखवलं. तिथे ठोक्यांचा कल दुसरा होता. दोन दारं, दोन माणसं.

मग त्याने टेप काढली. दिव्याच्या मध्यापासून दाराच्या फटीपर्यंत डावीकडचं माप आणि उजवीकडचं माप सारखं नव्हतं. फरक बोटाच्या पेराहून कमी, पण होता. हाताने बांधलेल्या गाड्यांमध्ये हे सर्रास असतं. एका गाडीचं दार दुसऱ्या गाडीला बसत नाही. म्हणून हे कारखाने प्रत्येक सुट्या भागावर, कुठेतरी नजरेआड, त्या बॉडीचा नंबर ठोकून ठेवत. आज एखादी गाडी अस्सल आहे की जोडून केलेली, हे ठरवताना जाणकार आधी हे नंबर शोधतात. रस्त्यात उभं राहून गाडी बघणाऱ्याला तो फरक दिसत नाही, कारण कारागिराने तो मडगार्डच्या फुगवट्यात हळूहळू विरवून टाकलेला असतो. या विरवण्याला मी कारागिरी म्हणतो.

टपाचं काम तर वेगळ्याच लोकांचं. लाकडी कमानी, लोखंडी बिजागऱ्यांची साखळी, वर जाड कॅनव्हास, आतून अस्तर. तो उघडला की मागच्या सीटमागे घडी होऊन बसला पाहिजे आणि बंद केला की काचेच्या चौकटीवर पाण्याचा थेंब येता कामा नये. शिंपी, सुतार आणि लोहार एकाच इंचात काम करतात. छप्पर नसलेल्या गाडीची आणखी एक अडचण असते. छप्पर गाडीला वरून आवळून धरतं; ते काढलं की खड्ड्यातून जाताना बॉडी पिळवटते, दारं कुरकुरतात, पुढची काच थरथरते. 6सी 2500 ला हे झेपायचं, कारण सगळा भार खालच्या भक्कम चॅसिसवर होता. बॉडी वर नुसती बसलेली. टप काढायची मोकळीक त्या चॅसिसने दिली.

अशा गाड्या कोण घेत असे? थोडे लोक. त्यातला एक आपल्याला दुरून ओळखीचा आहे. पुण्यातला आगाखान पॅलेस, जिथे 1942 ते 1944 गांधीजी स्थानबद्ध होते, तो 1892 मध्ये बांधणारे तिसरे आगाखान यांचा मुलगा अलीखान. 27 मे 1949 रोजी दक्षिण फ्रान्समधल्या व्हालोरिस गावी त्याने हॉलिवूडची नटी रिटा हेवर्थ हिच्याशी लग्न केलं, आणि तिच्यासाठी घेतलेली गाडी म्हणजे पिनिन फारिनाच्या बॉडीची, उघड्या टपाची 6सी 2500 सुपर स्पोर्ट. अलीखानाचा जन्मही तुरिनचा. त्याची आई इटालियन होती. छायाचित्रांत लोकांना रिटा दिसते. मला दाराची रेघ दिसते.

हे युग फार टिकलं नाही. 1950 मध्ये आल्फाने 1900 हे मॉडेल काढलं. या गाडीला वेगळी चॅसिस नव्हती. तळ, बाजू आणि छप्पर असं पत्र्याचं एकच कवच, तेच सांगाडा आणि तेच अंग. गाडी हलकी झाली, स्वस्त झाली, लवकर तयार होऊ लागली, आणि अपघातात आतल्या माणसालाही जास्त सुरक्षित झाली. सामान्य माणसाच्या दृष्टीने हे चांगलंच झालं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण आता कंपनीकडून नुसती चॅसिस घेऊन जायची सोय कमी कमी होत गेली. बॉडी बांधणाऱ्यांच्या हाताखालचा पायाच गेला. जोव्हान्नीचा स्ताबिलिमेंती फारिना 1953 मध्ये बंद पडला. बारीक नळ्यांच्या जाळीवर ॲल्युमिनियम चढवणारा मिलानचा थोर टूरिंग कारखाना 1966 मध्ये. फ्रान्सचे बहुतेक त्याआधीच.

पिनिन फारिना टिकला, कारण काळ बदलतोय हे त्याने वेळीच ओळखलं. 1947 मध्ये त्याने चिसितालिया 202 बांधली. ती 1951 मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने आठ मोटारींच्या प्रदर्शनात मांडली आणि पुढे कायमची संग्रहात घेतली. त्याच सुमाराला एन्झो फेरारीशी त्याची बैठक झाली. एकाने दुसऱ्याच्या गावी जायचं नाही म्हणून दोघे मोदेना आणि तुरिनच्या मधे, तोर्तोनाच्या एका खानावळीत भेटले. त्यांच्या भागीदारीतली पहिली गाडी, 1952 ची फेरारी 212, तीही उघड्या टपाचीच. 1955 मध्ये आल्फाच्या जुलिएत्ता स्पायडरचं काम आलं तेव्हा मात्र त्याने हजारोंनी बॉड्या काढल्या. 3 एप्रिल 1966 रोजी तो वारला. पॅरिसपर्यंत गाडी चालवत गेलेल्या सर्जिओने पुढे कारखाना सांभाळला. डिसेंबर 2015 मध्ये मुंबईच्या महिंद्रा समूहाने या कंपनीचा मोठा हिस्सा विकत घेण्याचा करार केला. त्यानंतर निघालेल्या विजेच्या महागड्या गाडीचं नाव त्यांनी ‘बातिस्ता’ ठेवलं.

नाव विकत मिळतं, हात मिळत नाही. आमच्या संस्थेत शीट मेटलच्या वर्गात दरवर्षी मुलं कमी होताना मी बघितली. गॅरेजांमध्ये चेपलेला भाग ठोकून काढण्याऐवजी बदलून टाकतात, नाहीतर बोटभर लांबी (पुट्टी) भरून वर रंग मारतात. दोन पावसाळ्यांत ती लांबी फुगून निघते आणि खालचा पत्रा सडलेला असतो. आजच्या गाडीत दुसरा भाग मिळतो. जुन्या गाडीचा मिळत नाही; तिथे पत्रा घडवणारा माणूसच लागतो, आणि तो आपल्याकडे अजून आहे. तांबट आळीत आहे, ट्रकच्या बॉड्या बांधणाऱ्या कारखान्यांत आहे, आडगावच्या गॅरेजात आहे.

तेव्हा वाचकांना एक विनंती. कोणाच्या वाड्याच्या पडवीत, शेतावरच्या गोठ्यात आजोबांची एखादी गाडी गंजत पडली असेल, तर ती भंगारवाल्याला देऊ नका आणि कापून नव्या थाटाची करायचा मोहही धरू नका. जुलै 2021 पासून केंद्राच्या मोटार वाहन नियमांत पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आहे. नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात, शुल्क वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षं, आणि नंतर नूतनीकरणाला पाच हजार. अट एवढीच की चॅसिस, बॉडी आणि इंजिन मूळचं असलं पाहिजे, त्यात मोठे फेरफार नकोत. अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शनाला, रॅलीला, दुरुस्तीला नेता येते. गाडी दुरुस्तीला द्याल तेव्हा लांबीचा डबा बाजूला ठेवायला सांगा, आणि पत्रा मठारता येणारा म्हातारा कारागीर शोधून त्याच्या हाताखाली एक पोरगा बसवा.